दुहेरी अक्षरांचं नाणं

हिरामणला कामावरून काढल्यापासून गुणाजीचं स्वतःच्या पेणच्या गणपती कारखान्यात मन लागत नव्हतं. मूर्तींचे डोळे आखणारा इतक्या वर्षांचा माणूस ऐन सीझनात घालवला होता. अशातच गल्ल्यात एक जुनं नाणं हाताला लागलं. त्यावरचं अक्षर न् अक्षर दुहेरी दिसत होतं. टांकसाळीत साचाच चुकला की अशी नाणी पडतात, हौशी लोक ती शोधत फिरतात, हे त्याने ऐकलं होतं. आणि साच्याची चूक त्याच्याइतकी कुणाला कळणार!

नाण्यांचा नाद असलेली भाची नम्रता रोह्याजवळ वरसे गावात राहायची. तो तडक तिच्याकडे गेला. तिने भिंगातून नाणं निरखलं आणि पर्समधलं नवं कोरं नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"मामा, यावरची अक्षरं कशी दिसतात?"

"याच्यावर पण दोन-दोन हायत गो!"

नम्रताचा चेहरा उतरला. "दोन्हींवर अक्षर एकेरीच हाय, मामा. डोळे दाखवून घ्या."

गुणाजीने दोन्ही नाणी पुन्हा डोळ्यांशी धरली.

&nbsp;

'रेघा दुहेरी काढतोस' म्हणत गुणाजीने हिरामणच्या हातातला ब्रश हिसकावला, तेव्हा तोही रडत हेच सांगत होता, "दादा, रेघ एकच हाय."