पंखातली गळती

शेफालीचा हात कोपरापर्यंत विमानाच्या पंखात होता.

"रिव्हेटांच्या ओळीवरून बोट फिरव," दत्तोबा म्हणाले. "सीलंट ओलं लागतंय?"

"नाही, बाबा. खडखडीत वाळलंय."

कोथरूडच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन लाकडी घोड्यांवर हा पंख चार वर्षं आडवा होता. सेक्रेटरींनी फलकावर लिहिलं होतं: 'पार्किंग वाहनांसाठी आहे. विमान उडाल्यास ते वाहन समजण्यात येईल.' दत्तोबांनी फलकाकडे कधी पाहिलंच नाही. कारखान्यात टाक्यांची गळती तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि आता स्वतः बांधलेल्या विमानाचीच पंखातली इंधनाची टाकी गळत होती. पंखाच्या भोकातून त्यांचा पंजा काही आत जाईना.

म्हणून त्यांनी मुलीला फोन केला. तिने ऋषीशी परस्पर लग्न केलं, त्यानंतर दोन वर्षांतला हा पहिलाच. "तुझा हात बारीक आहे. रविवारी ये," एवढं बोलून ठेवून दिला.

आज पाचवा रविवार. टाकीच्या एका तोंडाला फुगा बांधायचा, दुसऱ्या तोंडावर शेफालीच्या जुन्या सायकलचा व्हॉल्व्ह बसवून पंपाने हवा भरायची. वर जाऊन पोहे खाऊन येईपर्यंत फुगा मलूल. मग शेफालीने आतून पुन्हा सीलंट लावायचं, आणि ते वाळायला आठवडा.

पहिल्या रविवारी दत्तोबा 'पकड दे', 'ब्रश घे' यापलीकडे बोलले नव्हते. तिसऱ्या रविवारी त्यांनी नोकरीची चौकशी केली. आज हवा भरून वर आल्यावर पोह्यांवर लिंबू पिळत ते म्हणाले, "ऋषीचे हात कसे आहेत? बारीक?"

शेफालीची आई विजयमालाबाई वाढता वाढता थांबल्या.

"बऱ्यापैकी," शेफाली कशीबशी म्हणाली. आईकडे बघायचं तिने टाळलं.

"नाही, उगाच विचारलं. आज टाकी टिकली की पंख इथून हलवायचा. तुझी रविवारची कटकट संपली."

शेफालीला ते अजिबात आवडलं नाही. बाबांचं विमान उडायला हवंच होतं, पण रविवारही हवे होते. बशी तशीच ठेवून ती एकटी खाली आली. फुग्याने मान टाकायला सुरुवात केली होती.

तिची नजर व्हॉल्व्हवर गेली. पंक्चर शोधायच्या आधी व्हॉल्व्हला थुंकी लावून बघायची, हा त्या सायकलवर बाबांनी दिलेला पहिला धडा. पाच रविवारांत त्यांनी एकदाही लावली नव्हती.

तिने बोट ओलं करून व्हॉल्व्हवर टेकवलं. बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला. नट सैल होता, आणि त्यावर पकडीचे ताजे दात उमटले होते.

शेफालीने थुंकी ओढणीने पुसली. नट आणखी अर्धा आटा सैल केला आणि जिन्याकडे तोंड करून ओरडली, "बाबा, अजून गळतंय! पुढच्या रविवारी ऋषीलाही घेऊन येते!"