मोताळ्याचे गॅरेज

"हा फाटला नाही जीवनभाऊ. कोणीतरी कापला," गाडीखालून सरकत बाहेर येत प्रेमानंद म्हणाला.

त्याच्या काळ्या झालेल्या हातात चाकाच्या एक्सलच्या सांध्यावर चढवायचा रबरी बूट होता. घड्यांच्या मधोमध एक चीर होती. फाटलेल्या रबराची कड दातेरी असते. ही कड विळीवर चिरलेल्या काकडीसारखी साफ होती.

जीवनने चीर पाहिली आणि मग गॅरेजच्या दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिले. संजीवनी नुकतीच मागच्या गल्लीतून परतली होती. तिच्या हातातली बाजाराची पिशवी रिकामी होती.

स्प्रिंग बदलून गाडी बसकी करून घेण्याची हौस जीवनची. त्यांच्या अख्ख्या देऊळघाट गावात तशी दुसरी नव्हती. गतिरोधक आला की ती तिरकी करून हळूच उतरवावी लागे आणि पारावरची माणसे हसत. गाडी खाली आली की एक्सल तिरपा फिरतो, रबर जास्त मुडपते आणि चिरते. मग आतले ग्रीस उडते, धूळ शिरते आणि सांधा खाल्ला जातो, असे प्रेमानंद दर खेपेला सांगे. सगळ्यांना ते पटले होते. संजीवनीने तर त्या तिरप्या एक्सलचे मनोमन उपकार मानले होते.

कारण मोताळ्यातल्या या गॅरेजच्या मागच्या गल्लीत तिचे माहेर होते. लग्नात मानाचे लुगडे देताना तिच्या काकांनी वरमाई सत्यभामाबाईंना सोडून आधी त्यांच्या जावेला हाक मारली, आणि भर मांडवात त्यांनी सुनावले, "आजपासून आमच्या घरचं माणूस तुमचा उंबरा चढणार नाही." संजीवनी त्या घडीपासून त्यांच्याच घरचे माणूस झाली होती. सत्यभामाबाईंनी उच्चारलेला शब्द मागे घेतल्याचे कुणाच्या स्मरणात नव्हते. पुढे कौशल्याबाईंना, म्हणजे संजीवनीच्या आईला, अर्धांगवायू झाला. निरोप आला तेव्हा सासूबाईंनी तो उभ्याने ऐकून घेतला आणि त्या आत गेल्या. संजीवनीने विचारलेच नाही. विचारले असते, तर नकार कायमचा झाला असता.

मग बूट चिरू लागले. चाकाच्या आतल्या अंगाला उडालेले काळे ग्रीस दर वेळी सत्यभामाबाईंनाच आधी दिसे.

"ज्यानं गाडी खाली केली, त्यानंच निस्तरावं," त्या मुलाला बजावत. "आधी मोताळ्याले ने, मंग कुठं जायाचं तिकडं जा. अन् हिले संगं ने. बाजार करून येईल."

बूट बदलून होईपर्यंत संजीवनी आईजवळ बसे. तिला पेज भरवी, तिचे केस विंचरी. वाचा गेलेली आई आपल्या धड हाताने लेकीचे मनगट धरून ठेवी आणि निघायच्या वेळी ती बोटे एकेक करून सोडवावी लागत. जीवनला हे सारे ठाऊक होते. तो गॅरेजमध्ये चहा पीत बसे आणि परतताना स्वतःच भाजी घेऊन तिची पिशवी भरे.

आज त्याने भाजी घेतली नाही. राजूरच्या घाटात गाडी चढू लागली तेव्हा त्याने तोंड उघडले.

"म्या गप राह्यलो. तुले जाऊ देल्लं. अन् तू माह्याच गाडीचे बूट कापून राह्यली?"

"मी नाही कापले."

"मंग म्या कापले का?"

संजीवनीने तोंड खिडकीकडे फिरवले. उद्या जुने स्प्रिंग बसवून गाडी पहिल्या उंचीवर आणायची, असे त्याने प्रेमानंदला सांगून टाकले होते. एक्सल सरळ झाला की बूट चिरणार नव्हते. चिरले, तरी ते कुणी चिरले हे आता ठरून गेले होते. होय म्हटले तरी मोताळ्याची वाट बंद होती आणि नाही म्हटले तरी बंद होती. त्या बसक्या गाडीत रस्ता पार छातीशी आल्यासारखा वाटे. आज दोन्ही बाजूंचे डोंगरही काचेला येऊन टेकले होते.

सत्यभामाबाई ओसरीवर ज्वारी निवडत होत्या.

"माय, उद्या गाडी उंच करतो," जीवन उभ्या उभ्याच म्हणाला. "हिनं बूट कापले. माहेरी जायासाठी."

अखेर माहेर हा शब्द या घरात उच्चारला गेला. सत्यभामाबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"कबूल केलं हिनं?"

"कबूल काय करते. नाही म्हणाली, मंग घाट सरला तरी तोंडातून चकार शब्द नाही."

संजीवनीने मनाशी ठरवले. आळ अंगावर घ्यायचा, होईल ती शिक्षा सोसायची आणि त्या बदल्यात, निदान आई आहे तोवर, उजळ माथ्याने जाण्याची मुभा मागायची. चोरटेपणाने मिळत होते तेही आता सरले होते. गमावण्यासारखे काही उरले नव्हते.

"मामी," ती सासूला म्हणाली, "मीच ते—"

"गप राह्य." सत्यभामाबाईंनी सूप खाली ठेवले. खांबाला धरून त्या उठल्या आणि मुलाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गाडी आहे तशीच राहू दे. अन् हिच्यावर आळ घेऊ नको. स्टेरिंग पुरं फिरवून चाक बाहेर वळवल्याबिगर त्या रबरापर्यंत हात जात नाही, हे हिले कुठं माहीत आहे? ते मले माहीत आहे."