मागची सीट

एका आलिशान एसयूव्हीच्या तिन्ही पिढ्यांची तुलना मासिकासाठी लिहायची म्हणून केतकीने आधी सर्वांत जुनी गाडी काढली आणि वडिलांना मागे बसवलं. कोठावळेसाहेबांकडे ड्रायव्हर असताना ते हेच मॉडेल चालवायचे, पण मागे कधी बसले नव्हते.

चढावर ती काहीतरी बोलली. वडील पुढे वाकले. "काय म्हणालीस? डोक्यावर एसी घोंगावतोय, ऐकूच येत नाही."

"नव्या गाडीत हा आवाज गेलाय, बाबा!"

त्यांनी डोक्यावरच्या एसीच्या जाळीला हात लावून पाहिला.

"तुझी आई दवाखान्यात होती, तेव्हा गाडी चालवतानाच मी सुट्टी मागितली होती. मागे बसलेले साहेब काहीच बोलले नाहीत. त्या रागात नोकरी सोडली."

केतकीने गाडी बाजूला घेतली.

"त्यांना ऐकूच गेलं नसेल गं. साहेबांना फोन लाव, मीच बोलतो."