सहीची जागा

"तू इथेच बस," असं नवऱ्याने वहीत लिहून तिला दाखवलं आणि वकिलाच्या खोलीचं काचेचं दार आतून लावून घेतलं.

ती बाहेरच्या बाकावर बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत छत्री, कमरेला घराची किल्ली. आतले तिघं तिला समोरच दिसत होते. टेबलामागे तुळतुळीत दाढी केलेला वकील, आणि बाहेर लक्ष ठेवता यावं म्हणून खुर्च्या तिरक्या करून बसलेले नवरा नि नणंद.

तीस वर्षं तिने कापडगिरणीत माग चालवला आणि पन्नाशीला कानांनी राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, आता इलाज नाही. नवऱ्याने एक वही आणली, वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधली. ज्याला जे सांगायचं ते त्यात लिहायचं. ती तोंडानेच उत्तर द्यायची. आवाज जरा चढा लागायचा, इतकंच.

पण नवल झालं. बाई सुधारली. पूर्वी नवरा नि नणंद स्वयंपाकघराबाहेर कुजबुजली तरी तिच्या हातून भांडं निसटायचं. आपल्याबद्दल काय बोलत असतील, या धसक्याने ती दाराआड उभी राहायची आणि सापडली की रडायची. आता सगळ्यांबरोबर जेवायला बसते, समोरच्याकडे शांतपणे बघते, गालात हसते. कोणी काही म्हणो, हातातला घास हलत नाही. नणंद म्हणायची, कान गेले ते बरंच झालं, डोकं तरी ठिकाणावर आलं, होतं तेवढं.

वर या वयात हौस सुटली होती. गेल्या वर्षी हट्ट धरून तिने नवऱ्याची ओठांवर आलेली झुबकेदार मिशी काढायला लावली. दहा वर्षांनी तरुण दिसाल, म्हणाली. अख्खी गल्ली आठवडाभर हसली. नवरा वरून चिडला आणि आतून सुखावला.

सुट्टीच्या दिवशी गिरणीतल्या जुन्या मैत्रिणी यायच्या. चौघींत मिळून धड कान दोनच. तरी दुपारभर बसून खिदळायच्या. बहिऱ्यांच्या कसल्या आल्यात गप्पा, म्हणून नणंद नाक मुरडायची. नवरा तर घराबाहेरच निघून जायचा. गिरणीतही त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. शेजारचं बोलणंही ऐकू न येणाऱ्या तिथल्या खडखडाटाने त्याचं डोकं उठायचं म्हणे.

आज कागद होता तो घराचा. घर तिच्या वडिलांनी तिच्या नावावर ठेवलेलं. एक सही झाली की ते नवऱ्याचं, आणि नवऱ्याचं म्हणजे नणंदेचं. नणंदेचं बिऱ्हाड इकडे यायला महिन्याभरापासून बांधून तयार होतं.

"बाईंना काय सांगितलंय?" वकिलाने विचारलं.

"घरपट्टीचा कागद आहे म्हणून," नवरा म्हणाला.

नणंदेने काचेतून बाहेर बघून गोड हसून दाखवलं. बाहेरून तीही हसली.

"बघा, कशी निवांत आहे. काही कळलं असेल तर शपथ," नणंद म्हणाली. "सही झाली की परस्पर वृद्धाश्रमात सोडू. घरी न्यायचंच नाही. एकदा आत शिरली की उंबरा धरून बसेल."

नवऱ्याने टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. "कपडे मी नंतर पोचवतो."

"हे तुम्ही मला सांगितलेलं नाही," वकील म्हणाला. "असल्या बाबतीत मीही बहिराच असतो."

तिघंही हसले. मग नणंद उठली आणि हाताला धरून तिला आत घेऊन आली. इतक्या मायेने तिने सख्ख्या आईलाही कधी धरलं नसेल.

वकिलाने कागद सरकवला आणि तळाच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. तिने चष्मा चढवला. पेन घेतलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडे क्षणभर बघितलं.

"करू ना?"

त्याने मान डोलावली. वही उघडायचीही तसदी घेतली नाही.

ती खाली वाकून लिहू लागली. वकील घड्याळ बघत होता. नवरा खिडकीबाहेर.

"नाव लिहायला एवढा वेळ?" नणंद पुटपुटली. "गिरणीत अंगठाच चालत असेल."

तिने पेनाला टोपण लावलं, कागदाची नीट घडी घातली आणि वकिलापुढे ठेवली.

"मी घरी जाते," ती नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली. "किल्ली माझ्याजवळ आहे."

नवऱ्याने घाईघाईने वहीत 'थांब' लिहिलं. तोवर तिची पाठ फिरली होती, आणि काचेचं दार तिच्यामागे सावकाश लागलं.

"जाईल कुठे? खाली गाठू," नणंद म्हणाली. "आधी सही बघा."

वकिलाने घडी उलगडली. सही नव्हती. तिथे बारीक, सरळ अक्षरात तीन ओळी होत्या. तो मोठ्याने वाचू लागला आणि दुसऱ्या ओळीनंतर त्याने कागदच दोघांपुढे सरकवला.

'सही झाली की परस्पर वृद्धाश्रमात सोडू. घरी न्यायचंच नाही.

कपडे मी नंतर पोचवतो.

असल्या बाबतीत मीही बहिराच असतो.'

नवऱ्याचा हात आपोआप वरच्या ओठावर गेला. तिथे वर्षभर मिशी नव्हती.