डाव्या हाताचं पान

ऑपरेशनमध्ये दोन्ही हात सारखे चालावेत, म्हणून सर आम्हा विद्यार्थ्यांकडून रोज एक पान डाव्या हाताने लिहून घ्यायचे आणि लाल पेनाने स्वतः तपासायचे.

आज त्यांच्या शोकसभेत, विभागप्रमुख म्हणून, डोळ्यांना रुमाल लावत मी म्हणाले, "सरांचा हात शेवटपर्यंत कधी थरथरला नाही."

सभेनंतर सरांच्या पत्नीने, काकूंनी, माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. "तुलाच द्यायला सांगून गेलेत."

आत ते जुनं निनावी पत्र होतं: 'सरांचा हात थरथरतो. त्यांना ऑपरेशन करू देऊ नका.' रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने ते त्यांच्या हाती दिल्यावरच सरांनी मुदतीआधी विभागप्रमुखाची खुर्ची सोडली होती. अक्षर कळू नये म्हणून मी ते डाव्या हाताने लिहिलं होतं.



खाली लाल पेनाने, ठाशीव अक्षरात सरांचा शेरा होता: "अक्षर आता छान सुधारलंय."