रक्तातलं गाणं

खोलीत सात मोठी माणसं, तीन खुळखुळे आणि एक भोकाड पसरलेलं बाळ होतं. मावशीनं ते दादाच्या नव्या बायकोच्या हाती दिलं. “तुझ्या माहेरच्या लोकांच्या रक्तातच गाणं! तूच झोपव बाई.” “मला गाता येत नाही, मावशी.” “उगाच लाजू नकोस!” सासरच्या पहिल्याच दिवशी ‘नाही’ किती वेळा म्हणणार? वहिनीनं डोळे मिटून अंगाई सुरू केली. सूर पूर्वेला गेला, ताल पश्चिमेला. बाळ गप्प होऊन तिच्याकडे बघत राहिलं. मावशीचा चेहरा उतरला. “अगं, तुमच्यात सगळेच गातात ना?” “गातात की! म्हणून तर मला दातांची डॉक्टर केलं.” काका खदखदून हसले. गाणं थांबताच बाळानं पुन्हा टाहो फोडला. “थांबू नकोस!” मावशी ओरडली. मी मोबाइलवर आवाज मोजला: रडणं त्र्याण्णव डेसिबल, अंगाई शहाऐंशी. बाळ चौथ्या मिनिटाला झोपलं.