डाव्या बाजूचा गंज

नवऱ्याची सायकल गंज काढून रंगवायला नेली. मिस्त्री फ्रेम घासता घासता थांबले.

"ताई, उजवी बाजू ठणठणीत आहे आणि डावी पार पोखरलीय. हा खाऱ्या वाऱ्याचा गंज. सायकल रोज समुद्रावर एकाच जागी उभी असते का?"

"छे! कारखान्याच्या शेडमध्ये असते. आमच्या घरातलं कुणी समुद्राकडे फिरकतसुद्धा नाही."

त्यांनी फ्रेम उलटी केली. सीटच्या नळीतून माझ्या पायांवर वाळू सांडली.

मी वाकून ती वाळू मुठीत घेतली.

दोन वर्षांपूर्वी आमची लेक बुडाली, तेव्हा यांनीच मला बजावलं होतं, या घरात पुन्हा समुद्राचं नाव काढायचं नाही.

त्याच आठवड्यापासून यांना रोजचा ओव्हरटाइम लागला होता.